तापाच्या नोंदीआडचा रक्तस्राव: मुलचेऱ्याचे रान आणि मेंदूतील धमनीविस्फार

गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा तालुक्याच्या आरोग्याचा जो लिखित इतिहास आहे, तो बव्हंशी तापाचा इतिहास आहे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५३ मध्ये खालसा होऊन, हा भाग तेव्हा ज्यात मोडत असे तो चांदा जिल्हा इंग्रजी अंमलाखाली आला आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाल्यावर त्यात समाविष्ट झाला. वैनगंगा आणि प्राणहिता यांच्या पूर्वेकडील, जमीनदाऱ्यांच्या ताब्यातले हे सागवानाचे रान तेव्हा सरकारी कागदांत आले ते मुख्यतः दोन कारणांनी, इमारती लाकडासाठी आणि हिवतापासाठी. मृत्यूची खबर गावचा कोतवाल ठाण्यावर तोंडी देत असे आणि तेथील नोंदवहीत पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, अपघात आणि 'इतर' अशा मोजक्या रकान्यांत ती बसवली जाई. तापाचा रकाना सर्वांत मोठा भरे, आणि त्यात खरा हिवताप किती व न कळलेले आजार किती हे वेगळे करण्याची सोय त्या नोंदवहीत नव्हती. धडधाकट माणसाने काम करता करता एकाएकी डोके धरावे, ओकारी व्हावी, शुद्ध हरपावी आणि दोन-तीन दिवसांत सारे आटोपावे, असा मृत्यू 'ताप' किंवा 'इतर' याच रकान्यात जाणार होता. मेंदूतील धमनीविस्फार फुटून येणाऱ्या मृत्यूचे वर्णन नेमके असेच असते. म्हणूनच या भागातील त्याचा इतिहास रुग्णांच्या नोंदींतून लिहिता येत नाही. त्याच्या जोखमीची कारणे या रानात कधी आणि कशी आली, यावरून तो लिहावा लागतो.

डॉक्टरांच्या बोलण्यात ज्याला ॲन्युरिझम म्हणतात तो धमनीविस्फार म्हणजे धमनीच्या भिंतीला एका जागी आलेला फुगवटा. मेंदूच्या तळाशी चार मोठ्या धमन्यांच्या शाखा एकमेकींना जोडल्या जाऊन एक कडे तयार होते. इंग्रज वैद्य थॉमस विलिस याने १६६४ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून ते विलिसचे कडे या नावाने ओळखले जाते. या कड्यावर धमनी जेथे दुभंगते तेथे रक्ताचा मारा भिंतीवर थेट बसतो आणि तेथील भिंतीचा स्नायूचा व लवचिक तंतूंचा थर झिजला, तर सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा फुगा तेथे येतो. प्रौढांमध्ये शंभरातील सुमारे तिघांच्या मेंदूत असा एखादा फुगवटा असतो आणि त्यांपैकी बहुतेकांना तो आयुष्यभर कळतही नाही. तो फुटला, तर रक्त मेंदूवरील जालतानिका नावाच्या पातळ आवरणाखाली पसरते, आणि त्यालाच जालतानिकेखालील रक्तस्राव म्हणतात. आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी क्षणार्धात कळसाला पोहोचणे, ओकारी, मान ताठरणे, कधी एका डोळ्याची पापणी खाली येऊन बुबुळामधली बाहुली विस्फारणे, ही त्याची लक्षणे होत. रक्तस्रावानंतर काही दिवसांत अंगात तापही भरतो, आणि हिवतापाच्या प्रदेशात हीच बाब निदानाला चकवा देते, कारण ओकारी, बेशुद्धी आणि ताप ही तिन्ही लक्षणे मेंदूच्या हिवतापातही असतात.

शवविच्छेदनात सापडणारी एक वस्तू एवढीच या फुगवट्याची ओळख युरोपातही दीर्घकाळ राहिली. मिलानच्या फ्रांचेस्को बिउमी याने १७६५ मध्ये फुटलेल्या फुगवट्याचे वर्णन केले, परंतु जिवंत रुग्णात हे निदान करता येते असे ठामपणे मांडले गेले ते १९२० च्या दशकात, लंडनच्या चार्ल्स सिमंड्स याच्या लेखनाने. १९२७ मध्ये पोर्तुगालच्या एगास मोनिझ याने धमनीत द्रव्य सोडून क्ष-किरणांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चित्र घेण्याची रीत काढली. २३ मार्च १९३७ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात वॉल्टर डँडी याने एका त्रेचाळीस वर्षांच्या पुरुषाच्या फुगवट्याच्या मानेला चांदीची चिमटी लावून तो मुख्य धमनीपासून तोडला आणि रुग्ण वाचला. १९७१ मध्ये सीटी स्कॅनचा पहिला रुग्ण तपासला गेला, आणि १९९० च्या दशकात जांघेतील धमनीतून नळी सरकवून फुगवट्यात प्लॅटिनमच्या बारीक तारेची वेटोळी भरण्याचा उपचार रूढ झाला. या सर्व टप्प्यांत मुलचेऱ्याच्या माणसाचा संबंध एवढाच की, यांतील कोणतेही साधन त्याच्या तालुक्यात नव्हते.

फुगवटे जिवंत माणसांत दिसू लागले, तसा एक नवा प्रश्न उभा राहिला, आणि तो शस्त्रक्रियेपेक्षाही अवघड होता. जो फुगवटा फुटलेला नाही तो फुटेल की नाही? शस्त्रक्रियेतही धोका असतो, त्यामुळे न फुटणाऱ्या फुगवट्यावर शस्त्र चालवणे हा अन्याय, आणि फुटणारा तसाच सोडणे हाही अन्याय. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी अनेक देशांतील केंद्रांनी मिळून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदूच्या पुढील भागाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांवर ७ मिलिमीटरहून लहान फुगवटा असेल आणि पूर्वी कधी रक्तस्राव झालेला नसेल, तर पाच वर्षांत तो फुटण्याचे प्रमाण त्या अभ्यासात शून्य निघाले; ७ ते १२ मिलिमीटरसाठी ते २.६ टक्के, १३ ते २४ साठी १४.५ टक्के आणि त्याहून मोठ्यासाठी ४० टक्के होते. मागील भागातील धमन्यांवर हीच प्रमाणे बरीच वाढत. २०१२ मध्ये जपानमधील ५,७२० रुग्णांच्या अभ्यासात वर्षाला सरासरी ०.९५ टक्के फुगवटे फुटल्याचे दिसले. तरीही आकार म्हणजे सर्वस्व नव्हे, कारण फुटून रुग्णालयात आलेल्यांत लहान फुगवटेही भरपूर आढळतात. लहान फुगवटे मुळातच संख्येने अधिक असल्याने त्यांतले थोडे फुटले तरी रुग्ण पुष्कळ होतात.

आकाराबरोबर जागा महत्त्वाची ठरते, घडण महत्त्वाची ठरते, आणि सर्वांत महत्त्वाची ठरते ती वाढ. पृष्ठभाग गुळगुळीत नसेल, मुख्य फुगवट्यावर आणखी एक छोटा फोड उगवला असेल, तर भिंत तेथे पातळ झालेली असते. दोन तपासण्यांच्या दरम्यान जो फुगवटा वाढलेला दिसतो, तो स्थिर राहिलेल्या फुगवट्याच्या मानाने कितीतरी अधिक प्रमाणात फुटतो. ही वाढ दरवर्षी ठराविक मापाने होत नाही. काही वर्षे काहीच घडत नाही आणि मग थोड्या अवधीत फुगवटा आकार बदलतो, त्यामुळे एकदा तपासून निश्चिंत होण्याची सोय राहत नाही. भिंतीत चालणारी दाहाची प्रक्रिया, म्हणजे पांढऱ्या पेशी जमून तंतू विरघळवणारी द्रव्ये सोडण्याची क्रिया, या वाढीच्या मुळाशी असते असे आज मानले जाते. तंबाखूचा धूर हा दाह वाढवतो आणि उच्च रक्तदाब झिजलेल्या भिंतीवर सतत ताण देतो.

ज्या कारणांवर माणसाचा इलाज नाही त्यांचीही यादी लांब आहे. पन्नाशीनंतर स्त्रियांमध्ये हे फुगवटे पुरुषांपेक्षा अधिक आढळतात. सख्ख्या नात्यातील दोघांना ते असतील तर तिसऱ्याचा धोका वाढतो. मूत्रपिंडांत अनेक द्रवकोश होणाऱ्या आनुवंशिक विकारातही तसेच. या यादीत एक कारण असे आहे की ते पूर्व विदर्भाच्या संदर्भात आवर्जून नोंदवले पाहिजे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मध्य भारतात असल्याचे नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये जगापुढे मांडले, आणि गडचिरोलीच्या आदिवासी व अन्य समाजांत तो ठळकपणे आढळतो. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा करतात, आणि परदेशांतील रुग्णांमध्ये मेंदूतील फुगवटे तरुण वयात, एकाहून अधिक आणि मागील धमन्यांवर आढळल्याच्या नोंदी आहेत. ही नोंद प्रत्यक्ष आजार असलेल्यांविषयी आहे, केवळ वाहक असलेल्यांविषयी नव्हे. तरीही सिकलसेलच्या रुग्णाची अचानक उठलेली तीव्र डोकेदुखी नेहमीच्या वेदनेत मोजून सोडून देणे मुलचेऱ्यात तरी परवडणारे नाही.

भारतात हा विकार मुळात कमी आहे, असे मत दीर्घकाळ प्रचलित होते. मद्रासमध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेची परंपरा उभी करणारे डॉ. बी. राममूर्ती यांनी १९६९ मध्ये भारतातील या फुगवट्यांच्या प्रमाणावर लेख प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य रुग्णालयांच्या मानाने भारतीय रुग्णालयांत असे रुग्ण थोडे, हा त्या काळच्या मेंदूशल्यचिकित्सकांचा सार्वत्रिक अनुभव होता. हा अनुभव खरा होता, परंतु तो रुग्णालयाच्या दारापर्यंत आलेल्यांचा अनुभव होता. सोयीसुविधा असलेल्या देशांतही या रक्तस्रावाचे सुमारे आठांपैकी एक रुग्ण दवाखाना गाठण्यापूर्वीच दगावतो, आणि फुगवटा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांतच सर्वाधिक असतो. मुलचेऱ्याहून घोट किंवा आष्टीमार्गे चामोर्शी, तेथून गडचिरोली आणि पुढे आणखी सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर नागपूर, हा प्रवास १९६९ मध्ये बेशुद्ध माणसाने जिवंत पार करणे जवळजवळ अशक्य होते. देशात सीटी स्कॅन आणि धमनीचित्रणाची सोय पसरत गेली तसे रुग्णालयांतील हे रुग्णही वाढत गेले, यावरून पूर्वीच्या विरळपणात अंतराचा वाटा किती असावा हे ध्यानात येते.

फुटण्याचा धोका वर्तवण्यासाठी २०१४ मध्ये मांडलेल्या आणि आज जगभर वापरल्या जाणाऱ्या गुणपद्धतीत सहा बाबी धरल्या जातात: लोकसमूह, उच्च रक्तदाब, वय, आकार, पूर्वीचा रक्तस्राव आणि जागा. त्यांपैकी लोकसमूहाच्या बाबीत युरोप-अमेरिकेला शून्य, जपानला तीन आणि फिनलंडला पाच गुण आहेत, कारण ज्या ८,३८२ व्यक्तींच्या माहितीवर ती पद्धत उभी आहे, त्या या प्रदेशांतल्या होत्या. माडिया, गोंड, तेलुगू आणि मराठी भाषकांबरोबरच १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून येऊन सुंदरनगर, विवेकानंदपूर यांसारख्या गावांत वसलेली बंगाली कुटुंबे ज्या तालुक्यात एकत्र नांदतात, त्या तालुक्यासाठी या कोष्टकात रकानाच नाही. ठाण्याच्या नोंदवहीत जागा नव्हती आणि जागतिक कोष्टकातही ती नाही, याची बोच अभ्यासकांना वाटली पाहिजे. उरतात त्या पाच बाबी, आणि त्यांपैकी बदलता येण्याजोगी एकच, रक्तदाब. तिच्या जोडीला धूम्रपान आणि अति मद्यपान धरायचे, कारण गुणपद्धतीत नसली तरी ती फुगवटा तयार होण्याची आणि फुटण्याची प्रस्थापित कारणे आहेत.

या तीन कारणांचा मुलचेऱ्याच्या रानातील इतिहास मात्र चांगला सापडतो, आणि त्यात सर्वांत बोलका आहे तो तेंदूच्या पानाचा. विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूरच्या बाजूला तेंदूच्या पानात तंबाखू वळून विडी करण्याचा धंदा सुरू झाला, रेल्वेबरोबर तो कामठी, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात पसरला आणि त्याला लागणारे पान चांद्याच्या जंगलातून जाऊ लागले. आधी ते ठेकेदारांच्या हाती होते. १९६९ च्या महाराष्ट्र वनोपज अधिनियमाने त्याचा व्यापार शासनाने आपल्या ताब्यात घेतला. १९८० नंतर नक्षलवादी दलम या भागात आल्यावर पानाच्या दराचा प्रश्न तापला. आणि अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याच्या २०१४ च्या नियमांनंतर अनेक ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्या. हंगाम थोडक्या दिवसांचा असतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला खुटकटाई, म्हणजे झुडपे छाटणे, होते. त्यामुळे फुटणारी कोवळी रुंद पाने मे महिन्यात तोडली जातात. पहाटे रानात गेलेले कुटुंब दुपारी घरी येऊन सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधते, संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या जागी, मोजून देते, उन्हात वाळलेले पुडे पुढे बोदांत, म्हणजे मोठ्या पोत्यांत, भरले जातात आणि ट्रकने बाहेर पडतात. वर्षातील रोख पैसा याच पंधरा-वीस दिवसांत घरात येतो, त्यामुळे पानाविरुद्ध बोलणे येथे सोपे नाही आणि ते न्याय्यही नाही.

परंतु त्या पानाचे पुढे काय होते, हेही सांगणे प्राप्त आहे. तेंदूचे पान कागदाप्रमाणे हवा जाऊ देत नाही, विडी विझू नये म्हणून ती वारंवार आणि जोराने ओढावी लागते, आणि त्यामुळे तंबाखू थोडी असूनही तिच्यातून शरीरात जाणारा निकोटिन व कार्बन मोनॉक्साइड सिगारेटहून कमी नसतो. रानाने पाठवलेले पान विडी होऊन रानातच परत आले. विदर्भात सर्वत्र चालणारा खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेले मिश्रण, हा दुसरा प्रकार. बिनधुराच्या तंबाखूचा धमनीविस्फाराशी संबंध धूम्रपानाइतका पक्का सिद्ध झालेला नाही, तरी निकोटिनने रक्तदाब काही काळ वाढतो हे निश्चित आहे, आणि दिवसभर गालात खर्रा धरणाऱ्याचा तो काही काळ दिवसभर चालतो. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील केंद्र शासनाच्या आदिवासी आरोग्य समितीने २०१८ च्या अहवालात १५ ते ५४ वयोगटातील सुमारे ७२ टक्के आदिवासी पुरुष तंबाखू वापरतात, निम्म्याहून अधिक मद्य घेतात आणि चारांपैकी एका आदिवासी प्रौढाला उच्च रक्तदाब आहे, असे नोंदवले.

रक्तदाबाशी मिठाचाही संबंध आहे. हे मीठ एकेकाळी या रानात दुर्मीळ होते, बंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांवरून पूर्व किनाऱ्याकडून ते येई आणि मध्य भारताच्या जंगलांत चारोळीसारख्या मौल्यवान वनोपजाच्या बदल्यात ते मोजून दिले जाई. आज किराणा दुकानात ते सर्वांत स्वस्त जिन्नस आहे. दारूचा मामला निराळा आहे: लोकांच्या चळवळीतून १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली, आणि २०१६ पासून मुक्तिपथ या उपक्रमातून दारूबरोबर तंबाखूलाही हात घातला गेला. लकव्याच्या, म्हणजे मेंदूतील रक्तवाहिनी तुंबून किंवा फुटून येणाऱ्या झटक्याच्या, दृष्टीने या चळवळीकडे कोणी पाहिले नव्हते, पण अति मद्यपानाला आवर घालणारी प्रत्येक गोष्ट फुगवट्याच्या भिंतीलाही लाभाची आहे.

लकवा हा या जिल्ह्याचा किती मोठा आजार आहे हे मोजले गेले ते सर्च या संस्थेतील डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाने. संस्थेच्या कार्यक्षेत्रातील ८६ खेड्यांत झालेल्या १,५९९ मृत्यूंची घरोघरी चौकशी करून, नातेवाइकांनी सांगितलेल्या लक्षणांवरून डॉक्टरांनी कारण ठरवले, तेव्हा २२९ मृत्यू, म्हणजे १४.३ टक्के, लकव्याने झालेले निघाले, आणि तेच मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील आणखी एक आकडा अधिक बोचणारा आहे: लकव्याने मेलेल्यांपैकी ८७.३ टक्के माणसे घरीच मेली. तोंडी चौकशीतून रक्तवाहिनी तुंबली की फुटली, आणि फुटली तर फुगवटा होता की नाही, हे ठरवता येत नाही. त्यासाठी सीटी स्कॅन आणि धमनीचित्रण लागते. तरीही ज्या जिल्ह्याचे नाव तापाशी जोडले गेले होते, तेथे रक्तवाहिन्यांचा आजार सर्वांच्या पुढे गेला आहे, हे या अभ्यासाने निर्विवाद दाखवले.

मग मुलचेऱ्यासारख्या तालुक्यात धमनीविस्फाराचे काय करायचे, या प्रश्नाला जगाचा अनुभव स्पष्ट उत्तर देतो. ज्या फिनलंडला गुणपद्धतीत सर्वाधिक गुण आहेत, तेथे धूम्रपान घटत गेले तसे जालतानिकेखालील रक्तस्रावाचे प्रमाणही घटले. जगभरातील अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये मांडलेल्या हिशेबात हे प्रमाण १९८० मध्ये लाखामागे वर्षाला १०.२ होते ते २०१० मध्ये ६.१ वर आले, आणि ही घट रक्तदाब व धूम्रपान यांच्या घटीबरोबर चाललेली दिसली. फुगवटे शोधण्यासाठी सरसकट प्रत्येकाचा स्कॅन करणे श्रीमंत देशही करत नाहीत, आणि ते करण्याची गरजही नाही. ज्यांच्या सख्ख्या नात्यात दोन माणसे अशा रक्तस्रावाने गेली आहेत त्यांनी मात्र तो जरूर करून घ्यावा. बाकी सर्वांसाठी रक्तदाब मोजणारा पट्टा, ॲम्लोडिपिनसारखी स्वस्त गोळी न चुकता घेणे आणि विडी सोडणे, एवढेच उपाय आहेत, आणि ते तालुक्याच्या आवाक्यातले आहेत. आशा कार्यकर्ती आणि आरोग्य केंद्रातील डॉक्टर यांनी आणखी एक गोष्ट पाळावी: क्षणार्धात उठलेली, मान ताठ करणारी डोकेदुखी घेऊन कोणी आला, तर हिवतापाची तपासणी जरूर करावी, पण तिच्या निकालाची वाट पाहत रुग्णाला थांबवू नये, सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयाकडे लगेच रवाना करावे. रक्तदाब मोजायला माणसे एकत्र मिळत नाहीत ही तक्रार तर मुलचेऱ्यात टिकणारी नाही, कारण मे महिन्याच्या संध्याकाळी गावातले बहुतेक प्रौढ, स्त्रिया आणि पुरुष दोघेही, तेंदूच्या फळीवर रांगेत उभे असतात. ग्रामसभांनी पानाचा लिलाव स्वतःच्या हाती घेतला आहे, तर पुडे मोजण्याच्या त्या रांगेत रक्तदाब मोजण्याचे एक टेबलही त्यांनी यंदाच्या हंगामापासून मांडावे.